जाण्याआधी त्या रुग्णालयाचे पत्र मागवा

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी गेली अकरा वर्षे प्रसूतिकक्षात परिचारिका म्हणून काम करते आहे. एका स्वयंसेवी संस्थेचे वैद्यकीय पथक दोन महिन्यांनी आफ्रिकेतल्या एका देशात तीन आठवड्यांसाठी जाणार असून, पथकात येण्याविषयी मला विचारणा झाली आहे. विमानाचे भाडे आणि राहण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा आहे. रोज एका नव्या गावात शिबिर होईल आणि शेवटच्या दोन दिवसांत तिथल्या परिचारिकांना प्रशिक्षण द्यायचे आहे. 'इथे करायला मिळत नाही असे पुष्कळ काही तिथे स्वतःच्या हाताने करायला मिळेल,' असे संयोजक म्हणाले. जमतील तितकी औषधेही गोळा करून आणायला त्यांनी सांगितले आहे. माझ्या यजमानांचे म्हणणे असे की, एवढा पैसा प्रवासावर घालवण्यापेक्षा तेवढी रक्कम तिथल्या एखाद्या चांगल्या रुग्णालयाला पाठवावी. मुलगी म्हणते, आई, तू जाच. मला मनापासून जायचे आहे, परंतु मी गेल्याने तिथल्या एखाद्या बाळंतिणीचे खरोखर काही भले होईल का, या प्रश्नाने रात्र रात्र झोप लागत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

— एक परिचारिका

उत्तर

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

पत्राच्या शेवटी तुम्ही जो प्रश्न विचारला आहे, तो स्वतःला न विचारताच पुष्कळ जण विमानात बसतात, आणि पहिल्या खेपेला मीही तशीच बसले होते. म्हणून उत्तर आधीच स्पष्ट सांगते. तुम्ही जावे, पण हा दौरा ज्या स्वरूपात तुमच्यापुढे ठेवला गेला आहे त्या स्वरूपात जाऊ नये. शिबिरांना एकोणीस दिवस आणि शिकवण्याला दोन, ही वाटणी उलटी करून मिळत असेल, ज्या रुग्णालयात शिकवायचे त्यानेच तुम्हाला बोलावले असेल आणि वर्षभराच्या आत पुन्हा एकदा तिथेच जाण्याची तुमची तयारी असेल, तर मात्र अवश्य जावे. या तीनपैकी एक जरी गोष्ट जमणार नसेल तर तुमच्या यजमानांचे म्हणणे बरोबर ठरते.

हे मी इतक्या ठामपणे का लिहिते, ते माझ्या एका चुकीवरून कळेल. मी बालरोगतज्ज्ञ आहे, आणि काही वर्षांपूर्वी परदेशातल्या एका जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या पुनरुज्जीवनाचे प्रशिक्षण देण्यासाठी गेले होते. दोन दिवसांत बावीस परिचारिका शिकल्या. बाळ कोरडे करणे, पाठ चोळणे, मान योग्य स्थितीत ठेवणे आणि गरज पडल्यास अँबू बॅगने, म्हणजे मास्क लावलेल्या आणि हाताने दाबायच्या फुग्याने, श्वास देणे हे सारे त्यांनी मी नेलेल्या बाहुल्यावर इतके नेटके करून दाखवले की परतताना मला धन्य वाटत होते. आठ महिन्यांनी त्याच ठिकाणी दुसऱ्यांदा गेले तेव्हा रात्रपाळीच्या परिचारिकेने मला प्रसूतिकक्षाच्या कोपऱ्यातले लोखंडी कपाट दाखवले. अँबू बॅग त्या कपाटात होती, कपाटाला कुलूप होते, आणि किल्ली इनचार्ज सिस्टरांच्या खिशातून संध्याकाळी पाच वाजता त्यांच्या घरी जात होती. बॅग जडवस्तूंच्या नोंदवहीत त्यांच्या नावावर चढलेली असल्याने ती हरवली तर किंमत त्यांच्या पगारातून कापली जाणार होती. सकाळी कपाट उघडले तर बॅगेसोबतचा मास्क मोठ्या माणसाच्या मापाचा निघाला, म्हणजे बाळाच्या तोंडावर ठेवला असता तो डोळ्यांपासून हनुवटीखालपर्यंत पसरला असता आणि सगळी हवा बाजूने निघून गेली असती. आणि ज्यावर सराव करायचा तो बाहुला कुठे होता? तो माझ्या संस्थेच्या मालकीचा म्हणून मी सोबत परत आणला होता. त्या आठ महिन्यांत एकाही परिचारिकेने एकदाही सराव केला नव्हता, आणि दोष त्यांचा नव्हता.

त्या दुसऱ्या खेपेला मी वर्ग घेतलाच नाही. इनचार्ज सिस्टर आणि वैद्यकीय अधीक्षक यांच्यासोबत दोन दिवस बसून बॅगेची नोंद व्यक्तीच्या नावावरून काढून कक्षाच्या नावावर केली. बाळ ठेवण्याच्या टेबलाच्या वर, उभ्या माणसाचा हात पोहोचेल अशा उंचीवर, भिंतीत एक खिळा ठोकला आणि बॅग त्याला टांगली. पाळी बदलताना येणाऱ्या सिस्टरने मास्कवर तळहात दाबून बॅग दाबायची, झडप उघडल्याचा आवाज ऐकायचा आणि पाळीच्या वहीत सही करायची, असे ठरले. बाहुला तिथेच ठेवला. त्या खिळ्याइतके उपयोगाचे काम पहिल्या खेपेच्या दोन दिवसांच्या व्याख्यानांतून झाले नव्हते, असे आज मला वाटते.

हा केवळ माझ्या एकटीचा अनुभव असता तर मी त्यावरून सल्ला दिला नसता. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने जागतिक आरोग्य संघटनेसह इतर संस्थांच्या सहकार्याने २०१० मध्ये 'हेल्पिंग बेबीज ब्रीद' हा अभ्यासक्रम सुरू केला, तो तुम्हाला कदाचित ठाऊक असेल. जन्मलेल्या दर दहा बाळांपैकी साधारण एकाला पहिला श्वास घेण्यासाठी काही ना काही मदत लागते, त्यातली बहुतेक नुसती पुसून आणि पाठ चोळून रडू लागतात, थोड्यांना बॅगेने श्वास द्यावा लागतो, आणि नळी घालणे किंवा औषधे देणे याची वेळ शंभरात एकावरही येत नाही. म्हणून जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटाला, ज्याला या अभ्यासक्रमात सुवर्ण मिनिट म्हणतात, जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हातात हे कौशल्य असणे एवढेच पुरेसे ठरते. टांझानियातल्या ८ रुग्णालयांत हा कार्यक्रम नेटाने राबवल्यावर पहिल्या २४ तासांतले नवजात मृत्यू जवळपास निम्म्याने घटल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. पण त्याच देशातल्या हेडम लुथरन रुग्णालयातून त्याच वर्षी आणखी एक निष्कर्ष पुढे आला, आणि माझ्या मते तो अधिक मोलाचा आहे. तिथे एक दिवसाचे प्रशिक्षण दिल्यानंतर बाहुल्यावरची कामगिरी सुधारली, मात्र खऱ्या बाळाच्या वेळी परिचारिकांच्या वागण्यात फरक पडला नाही. पुढे त्याच रुग्णालयात प्रसूतिकक्षातच बाहुला ठेवून दर आठवड्याला काही मिनिटांचा सराव सुरू केला, स्थानिक लोकांनीच तो चालवला, आणि तेव्हा कुठे मृत्यू कमी झाले.

आता तुमच्या दौऱ्याची रूपरेषा या प्रकाशात पाहा. अकरा वर्षे प्रसूतिकक्षात काढलेल्या परिचारिकेला रोज नव्या गावात गोळ्या वाटायला लावायचे आणि जे तिला खरोखर येते ते शिकवण्यासाठी शेवटचे दोन दिवस, तेही सगळे थकून परतीच्या तयारीत असताना, ठेवायचे, ही आखणी करणाऱ्यांनी त्या देशातल्या रुग्णांचा विचार केला आहे असे मला दिसत नाही. एक दिवसाच्या शिबिरात उच्च रक्तदाबाच्या रुग्णाला पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या, तर सोळाव्या दिवशी त्याने कुठे जायचे? त्याची नोंद कोणत्या वहीत राहते? गोळ्यांनी चक्कर आली तर तो कोणाला विचारणार? शिबिराचे असे आणखी एक नुकसान होते, जे पथकाच्या नजरेला कधी पडत नाही. त्या गावाजवळच्या आरोग्यकेंद्रात वर्षानुवर्षे एकटीने काम करणारी जी सिस्टर असते, तिच्यापेक्षा चार दिवसांची पाहुणी मंडळी मोठी, अशी समजूत गावात रुजते, आणि पथक निघून गेल्यावर तिच्या शब्दाचे वजन पूर्वीपेक्षा कमी झालेले असते.

'स्वतःच्या हाताने करायला मिळेल' हे संयोजकांचे वाक्य वाचून मी खरोखर अस्वस्थ झाले. आपल्या रुग्णालयात जे काम देखरेखीशिवाय करण्याची तुम्हाला परवानगी नाही, ते काम दुसऱ्या देशातल्या बाईच्या शरीरावर करण्याची परवानगी तिच्या गरिबीमुळे मिळत नसते. चिमटे लावून बाळ ओढणे, हाताने वार काढणे, टाके घालणे यांपैकी जे तुमच्या नेहमीच्या कामात बसते तेवढेच तिथे करावे, आणि तेही त्या देशाच्या परिचर्या परिषदेची तात्पुरती नोंदणी हातात असल्यावरच. नोंदणीशिवाय काम करू नका. काही चुकले तर त्या बाईला दाद कोणाकडे मागायची हे आधी ठरलेले असले पाहिजे, आणि नोंदणीमुळे ते ठरते. जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर हैतीत जगभरातून मदतीची पथके उतरली. त्यांतल्या काहींची तयारी अपुरी होती, कोण कुठे काय करतो आहे याचा मेळ नव्हता, आणि त्या अनुभवातूनच पुढे २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने परदेशी वैद्यकीय पथकांचे वर्ग आणि त्यांचे किमान निकष ठरवून दिले. आणीबाणीतसुद्धा पथकांना अशी शिस्त लागते, आणि तुमचा दौरा तर आणीबाणीचा नाही. त्याला नोंदणीसाठी थांबायला काहीच हरकत नसावी.

म्हणून संयोजकांना होकार देण्याआधी त्यांच्यामार्फत रुग्णालयाचे पत्र मागवा. 'आपले स्वागत आहे' एवढेच लिहिलेले पत्र पुरेसे नाही. त्या रुग्णालयात महिन्याला किती बाळंतपणे होतात, रात्रपाळीला किती परिचारिका असतात, गेल्या वर्षभरात कोणत्या अडचणी वारंवार आल्या, आणि त्यांना स्वतःला काय शिकून घ्यावेसे वाटते, हे तिथल्या प्रसूतिकक्षाच्या इनचार्ज सिस्टरने लिहिलेले असावे. सहीखाली तिचे नाव असावे आणि तिच्याशी तुमचे एकदा तरी फोनवर बोलणे व्हावे. असे पत्र मागितल्यावर जी संस्था नाराज होते किंवा 'तिथे गेल्यावर बघू' असे म्हणते, तिच्यासोबत जाऊ नये. कदाचित त्या सिस्टर लिहितील की बाळांच्या श्वासाचे प्रशिक्षण आमच्याकडे दोनदा झाले आहे, आता आम्हाला बाळंतिणीच्या रक्तस्रावाची भीती वाटते. मग तुम्ही तेच शिकवायचे. तुमच्या तयारीतले सादरीकरण बाजूला ठेवायचे.

मी सुचवेन की तुम्ही एकच विषय घ्यावा. तीन आठवड्यांत एकच, हे तुम्हाला फार थोडे वाटेल, पण मला ते पुरेसे वाटते. बांगलादेशातले एक काम मला या संदर्भात नेहमी आठवते. तिथल्या 'ब्रॅक' या संस्थेने १९८० ते १९९० या दहा वर्षांत घरोघरी जाऊन आयांना एकच गोष्ट शिकवली: जुलाब झालेल्या मुलासाठी घरच्या घरी जलसंजीवनी कशी करायची. तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढे मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. कार्यकर्त्या स्त्रिया घरात बसून आईकडून ते मिश्रण तिच्याच भांड्यात करून घेत, कारण प्रत्येक घरातले भांडे वेगळे आणि अर्धा शेराची खूण त्या भांड्यावर तिलाच ओळखता यायला हवी. अशी एक कोटी वीस लाखांहून अधिक घरे त्यांनी पुरी केली. मला सर्वांत भावते ती त्यांची मोबदल्याची पद्धत. नंतर दुसरी माणसे जाऊन शिकवलेल्या घरांपैकी काही घरांतल्या आयांना प्रश्न विचारत आणि मिश्रण करायला सांगत, आणि आईला किती आठवते त्यावर शिकवणारीचे पैसे ठरत. किती घरे फिरली याचा हिशेब तिथे चालत नसे. परदेशी जाणाऱ्या आपल्या सगळ्या पथकांना हा नियम लावला तर किती जणांचे पैसे हाती पडतील, याचा विचार मी माझ्यापुरता अनेकदा केला आहे.

तुमच्याबाबतीत हाच नियम असा लावता येईल. पहिल्या आठवड्यात काही शिकवू नका. इनचार्ज सिस्टरची परवानगी घेऊन पाळीत उभ्या राहा, त्यांच्या सोबत काम करा, पाहा. बॅग कुठे असते, बाळंतिणीचा रक्तस्राव रोखणारे ऑक्सिटोसिन कुठे ठेवतात, रात्री वीज गेल्यावर काय करतात, बाळ जन्मल्यावर पहिला कपडा कोणाच्या हातात असतो. ऑक्सिटोसिनला २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानाची शीतपेटी लागते, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण शीतपेटी लसींच्या खोलीत आणि खोलीची किल्ली दिवसपाळीकडे, असे तिथे असेल तर रक्तस्रावावरचे उत्तम व्याख्यान रात्री दोन वाजता कुचकामी ठरते. दुसऱ्या आठवड्यात इनचार्ज सिस्टर निवडतील त्या दोघींना शिकवा, आणि तिसऱ्या आठवड्यात त्या दोघींनी बाकीच्यांना शिकवावे, तुम्ही मागे उभ्या राहावे. त्यांच्या भाषेत शिकवणे चालेल, तुम्हाला शब्द कळणार नाहीत, तरीही हात कळतील. हाताची चूक दिसली तर वर्गात बोलू नका, नंतर त्या दोघींना एकीकडे घेऊन सांगा. त्यांचा मान पुढची कित्येक वर्षे तिथेच राहणार आहे.

वर्ग भरवण्याचा आग्रहही धरू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या अहवालात नमूद आहे की आफ्रिका विभागावर त्या वेळी जगातल्या एकूण रोगभाराचा २४ टक्के वाटा होता आणि तिथे जगातले फक्त ३ टक्के आरोग्य कर्मचारी होते. मी काम केले त्या कक्षात रात्री तीस खाटांना एक परिचारिका होती. अशा ठिकाणाहून दोन दिवसांसाठी दहा जणींना सभागृहात बसवले तर त्या दोन दिवसांत कक्षात कोण असते? पाळी बदलताना दहा मिनिटे, खाटांच्या शेजारीच, बाहुला टेबलावर ठेवून, असे शिकवणे जमते, आणि हेडमच्या अनुभवाप्रमाणे टिकतेही तेच. प्रशिक्षणाला येणाऱ्यांना भत्ता द्यायचा की नाही, हा प्रश्न तुमच्यापुढे येईल. त्याचा निर्णय तुम्ही घेऊ नका, तिथल्या प्रशासनाची जी रीत असेल तिच्याप्रमाणे चालू द्या.

औषधांविषयी मात्र मी जरा कडक बोलणार आहे. जमतील तितकी औषधे गोळा करून नेणे हे दान नसून दुसऱ्याच्या दारात कचरा नेऊन टाकणे ठरू शकते. बोस्नियात युद्धाच्या आणि त्यानंतरच्या काळात, १९९२ ते १९९६ दरम्यान, आलेल्या मदतीतली सुमारे १७,००० टन औषधे निरुपयोगी किंवा मुदतबाह्य ठरून साठून राहिली, आणि ती नष्ट करणे ही त्या होरपळलेल्या देशापुढची नवी समस्या झाली. त्याच वर्षी, १९९६ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि ती पुढे सुधारलीही. त्यांचे सार साधे आहे. घेणाऱ्याने मागितलेलेच द्यावे, ते त्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत असावे, पोहोचल्यावर किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी, वेष्टनावरची भाषा तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना वाचता यावी, आणि रुग्णांनी परत केलेली किंवा नमुना म्हणून फुकट मिळालेली औषधे देऊ नयेत. तुमच्या शेजारणीच्या कपाटातल्या उरलेल्या गोळ्या त्यात बसत नाहीत, त्या देण्यामागची तिची भावना कितीही चांगली असो.

उपकरणांची गोष्ट वेगळी नाही. ११० व्होल्टवर चालणारा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर २२० व्होल्टच्या देशात पोहोचतो, किंवा व्होल्टेज जुळते पण त्याची गाळणी बदलायला मिळत नाही, आणि मग तो रुग्णालयाच्या मागच्या व्हरांड्यात इतर यंत्रांच्या रांगेत जाऊन बसतो. अशी रांग मी स्वतः पाहिली आहे. तुम्हाला काही न्यायचेच असेल तर पत्रातून विचारून न्या. माझा अंदाज आहे की नवजात बाळाच्या मापाचे, ० आणि १ क्रमांकाचे, उकळून किंवा ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने निर्जंतुक करून पुन्हा वापरता येतील असे मास्क आणि सरावाचा एक बाहुला एवढे त्या आनंदाने घेतील. बाहुला तिथेच ठेवून या.

आता तुमच्या यजमानांविषयी. ते जे म्हणतात त्याला मी स्वतः वजन देते, आणि तुम्हीही ते तुमच्या उत्साहावरचे विरजण समजू नये. रुग्णालयाचे पत्र आले आणि त्यात लिहिलेले असले की आम्हाला शिकवणारी व्यक्ती नको, आमच्याकडे शिकवू शकणारी सिस्टर आहे पण तिच्या पगाराची तरतूद संपली आहे, तर विमानाच्या भाड्याची ती रक्कम पाठवणे हेच योग्य, आणि त्यात तुम्ही काही गमावत नाही. पण पत्रात शिकवण्याची मागणी असेल तर ती पैशाने पुरी होत नाही. बॅग दाबताना छाती किती उचलली पाहिजे, मास्क कुठे सुटतो आहे, बाळ निळे दिसत असताना घाबरलेला हात किती वेगाने दाबू लागतो, हे अकरा वर्षे त्या टेबलाशी उभ्या राहिलेल्या माणसाने शेजारी उभे राहूनच दाखवावे लागते. हे यजमानांना असेच सांगा. आणि पहिल्या दौऱ्याचाच हिशेब मांडू नका. दोन फेऱ्यांचा खर्च घरात एकत्र बसून मांडा, कारण दुसरी फेरी पेलणार नसेल तर पहिली करण्यात फारसा अर्थ नाही. मधल्या महिन्यांत पंधरवड्यातून एकदा त्या दोघींशी व्हिडिओवर अर्धा तास बोलण्याला फारसा खर्च येत नाही, पण तो नेम मोडू नये.

कधी पुढे नोकरीतून मोठी रजा काढता आली, तर डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्ससारख्या संस्थांचाही विचार करावा. पहिल्या नेमणुकीसाठी त्या साधारण ९ ते १२ महिन्यांची तयारी मागतात, आणि इतकी मुदत का मागतात हे वरचे सगळे वाचल्यावर तुमच्या लक्षात येईलच. आज तुम्हाला तीन आठवडेच शक्य आहेत, आणि एकाच रुग्णालयाला वर्षातून दोनदा दिलेले तीन आठवडे मी कमी मानत नाही.

मुलीला हे पत्र वाचायला द्या. तिचे 'जाच' म्हणणे मला आवडले. फक्त तिला एक सांगा की आईचे तिथल्या बाळांसोबतचे फोटो येणार नाहीत. कळा देणाऱ्या बाईची संमती ही संमती नसते, आणि तुमच्या रुग्णालयात जसे तुम्ही कोणा बाळंतिणीचा फोटो काढत नाही तसाच तिथेही काढायचा नाही.

राहता राहिली तुमची स्वतःची काळजी, जी परिचारिका नेहमी सगळ्यांत शेवटी करतात. प्रवासी माणूस आजार घेऊन परत येतो, तसाच तो सोबत नेतोही. हैतीत भूकंपानंतर नऊ महिन्यांनी उसळलेली पटकीची साथ संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरच्या सांडपाण्यातून पसरली होती, आणि तिने हजारो माणसांचे प्राण घेतले. म्हणून ताप किंवा जुलाब अंगात असताना विमानात बसायचे नाही, ठरलेली तारीख चुकली तरी चालेल. त्या देशाला पीतज्वराची लस सक्तीची असेल तर ती प्रवेशाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवाव्या लागतात. सुई टोचण्याचा अपघात तुमच्या कामात कधीही होऊ शकतो, आणि एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत, खरे तर जितक्या लवकर होईल तितक्या लवकर, सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात. ती त्या रुग्णालयात चोवीस तास मिळतात का, हे पत्रात विचारायच्या प्रश्नांत घाला, आणि मिळत नसतील तर संस्थेने पथकासोबत ठेवावीत असा आग्रह धरा. हिपॅटायटिस-बीची लस तुम्ही नोकरीला लागताना घेतली असेल, पण शरीरात तिचे संरक्षण तयार झाले की नाही हे अनेकींनी कधी तपासलेलेच नसते. तीन डोसांचा नेहमीचा क्रम पुरा व्हायला सहा महिने लागतात आणि तुमचा दौरा दोन महिन्यांवर आहे, तेव्हा रुग्णालयाच्या पत्राची वाट न पाहता ती रक्ततपासणी याच आठवड्यात करून घ्या.